दुसरा हप्ता उशिरा येतो तेव्हा: एका तालुका फाउंडेशनच्या अनुदानाचा प्रकरण अभ्यास

9 जानेवारीला एका संस्थेने एका प्रकल्पाच्या निधीतले 70,000 रुपये स्थानिक फाउंडेशनच्या अनुदानावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पासाठी वापरले आणि 25 फेब्रुवारीला ते जागच्या जागी परत ठेवले. ऑगस्टमध्ये ऑडिटरने ही नोंद शेरा मारून ताळेबंदासोबत जोडली. ज्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून ती रक्कम काढली होती, तिने ‘निधीचा अन्यत्र वापर’ असे पत्र पाठवले. ते पत्र स्थानिक फाउंडेशनच्या कानावर गेले. फाउंडेशनने आपला 60,000 रुपयांचा शेवटचा हप्ता रोखला आणि संस्थेचे नाव पुढच्या वर्षासाठी अपात्र यादीत टाकले. कागदावर सगळे सरळ दिसत होते: संस्थेने नियम मोडला आणि तिला त्याचे फळ मिळाले. प्रत्यक्षात ते 70,000 रुपये वळवण्याची वेळ फाउंडेशनच्याच अटींनी आणली होती, आणि हे हिशेबाने दाखवता येते.

संस्थांची नावे इथे दिलेली नाहीत. अशा अनेक अनुदानांत एकसारखे घडणारे सगळे एका ठिकाणी दिसावे म्हणून हे प्रकरण नमुना म्हणून रचले आहे, आणि रकमा वाचकाला बेरीज करून पडताळता येतील अशा ठेवल्या आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. आयकराची कलमे 1961 च्या कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने त्यानंतरच्या वर्षांसाठी क्रमांक वेगळे असतील.

काम काय होते

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मूल बरोबर गेले तर मार्चपर्यंत त्याची शाळा फडातच संपते. मूल मागे राहायचे तर आजी-आजोबांपाशी राहते. त्या घरात दोन वेळ रांधायची ताकद आणि पैसा दोन्ही बेताचे असतात. शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो. प्रश्न उरतो तो सकाळचा आणि संध्याकाळचा.

संस्था तीन गावांत नेमके हेच सांभाळत होती: सकाळी न्याहारी, संध्याकाळी जेवण आणि दोन तास अभ्यास. मुले झोपायला घरी. 60 मुले, 1 नोव्हेंबर ते 31 मार्च, म्हणजे 151 दिवस. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली, आयकराच्या 12एबी (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही नोंदण्या चालू. पगारी हिशेबनीस नाही. खजिनदार निवृत्त शिक्षक आणि सीए जिल्ह्याच्या गावी.

संस्थेने मागणी केली ती 7,45,000 रुपयांची. जेवणखाण दर मुलामागे रोज 38 रुपये धरून 3,45,000. तीन स्वयंपाकी दरमहा 7,000 प्रमाणे पाच महिन्यांचे 1,05,000. तीन अभ्यास-कार्यकर्ते दरमहा 8,500 प्रमाणे 1,27,500. भांडी, शेगड्या, सतरंज्या आणि दिव्यांसाठी 45,000. तिन्ही गावांत फिरणाऱ्या समन्वयकाचे सहा महिन्यांचे अर्धवेळ मानधन 54,000. प्रवास, खोलीभाडे, हिशेब आणि ऑडिट मिळून 68,500.

मागणीतच एक चूक होती आणि ती दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली. रविवारी शाळेचा पोषण आहार नसतो. 151 दिवसांत किमान 21 रविवार येतात, शिवाय सण-सुट्ट्या. त्या दुपारचे जेवण 38 रुपयांत धरलेलेच नव्हते. स्वयंपाकी बाईंनी ते शनिवारच्या शिध्यातून ओढूनताणून भागवले, म्हणजे शनिवारी संध्याकाळी भाजी पातळ झाली. अशी अंदाजपत्रके तपासताना दर किती आहे याआधी दिवस कोणते आहेत ते विचारावे.

मंजुरी कशी झाली

फाउंडेशन हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास. ठेवींचे व्याज आणि देणग्या मिळून वर्षाचे उत्पन्न 30 लाख, स्वतःचा खर्च 4 लाख. त्या वर्षी सात संस्थांना मिळून 21,50,000 रुपये मंजूर केले. अर्ज जूनमध्ये मागवले, निर्णय सप्टेंबरअखेरच्या बैठकीत झाला.

या अर्जावर बैठकीत दोन गोष्टी घडल्या. समन्वयक आणि कार्यालयीन खर्च हे ‘प्रशासकीय’ म्हणून पूर्ण काढले गेले: 1,22,500 रुपये कमी. उरलेले 6,22,500 मग गोल करून 6,00,000 केले. गोल करताना कापलेले 22,500 खर्चाच्या कुठल्या शीर्षातून जाणार हे मंजुरीपत्रात लिहिले नाही. बाकी शीर्षे पगाराची आणि एकदाच्या खरेदीची, त्यामुळे ती रक्कम जेवणातूनच जाणार हे ठरलेले होते. 60 मुले आणि 151 दिवस धरले तर रोज माणशी जवळपास अडीच रुपये.

प्रशासकीय खर्चाला कात्री लावण्यामागचा हेतू चांगला असतो: पैसा थेट मुलांपर्यंत जावा. पण तीन गावांतल्या तीन स्वयंपाकघरांचा साठा मोजणारा, हजेरी पडताळणारा आणि बिले गोळा करणारा माणूसच काढून टाकल्यावर फाउंडेशनला हवा असलेला हिशेब लिहिणार कोण? हे काम शेवटी अभ्यास-कार्यकर्त्यांवर आले. त्यांनी संध्याकाळच्या दोन तासांतला अर्धा तास वह्या भरण्यात घालवला. मुलांसाठी मंजूर केलेला वेळ असा फाउंडेशनच्याच कागदांवर खर्च झाला.

हप्ते असे ठरले: करार झाल्यावर 50 टक्के, म्हणजे 3,00,000, तो पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे सीएने प्रमाणित केलेले विनियोग प्रमाणपत्र आल्यावर 40 टक्के, 2,40,000, आणि ऑडिट झालेला अंतिम हिशेब आल्यावर उरलेले 10 टक्के, 60,000. ही 50-40-10 ची घडी सरकारी अनुदानांतून आलेली आहे आणि छोट्या फाउंडेशनांनी ती जशीच्या तशी उचललेली दिसते. बांधकामाला किंवा खरेदीला ती चालते. रोज चूल पेटवायची असलेल्या कामाला ती मोडते.

पैसा कधी संपला

नोव्हेंबरचा खर्च: जेवण 68,400, मानधन 46,500, भांडीकुंडी 45,000, एकूण 1,59,900. डिसेंबर: जेवण 70,680 आणि मानधन 46,500, एकूण 1,17,180. दोन महिन्यांत 2,77,080 गेले. 1 जानेवारीला पहिल्या हप्त्यातले 22,920 शिल्लक होते, म्हणजे दहा दिवसांचा शिधा.

संस्थेने हिशेब वेळेत केला. 31 डिसेंबरला वह्या बंद झाल्या, 3 जानेवारीला फाइल सीएकडे गेली. सीएने तीन गावांतल्या आठवडी बाजाराच्या कच्च्या पावत्यांवर प्रश्न काढले. भाजीवाली बिल देत नाही, त्यामुळे पावती संस्थेचा माणूसच लिहितो. त्यावर खरेदी करणाऱ्याची आणि दुसऱ्या एका साक्षीदाराची सही हवी होती, ती निम्म्या पावत्यांवर नव्हती. सह्या गोळा करून प्रमाणपत्र 17 जानेवारीला मिळाले आणि 18 ला फाउंडेशनकडे पोहोचले. विश्वस्तांची बैठक 20 जानेवारीला होती, पण विषयपत्रिका आठवडाभर आधीच निघालेली. पुढची बैठक 20 फेब्रुवारीला. धनादेशावर दोन विश्वस्तांच्या सह्या, त्यातले एक परगावी. 2,40,000 रुपये संस्थेच्या खात्यात 24 फेब्रुवारीला आले.

या साखळीत कुणीही आळस केला नाही. फाउंडेशनचे कार्यालय सांगते की आम्ही मिळालेल्या पहिल्या बैठकीत विषय घेतला, आणि ते खरे आहे. दोष वेळापत्रकाच्या रचनेत होता: महिन्याला एक लाख सतरा हजार खर्च असलेल्या कामाचा पुढचा पैसा महिन्यातून एकदा बसणाऱ्या बैठकीवर टांगलेला होता.

24 फेब्रुवारीपर्यंत लागले किती? जानेवारीचे 1,17,180 आणि फेब्रुवारीतल्या 24 दिवसांच्या जेवणाचे 54,720, मिळून 1,71,900. हातातले 22,920 वजा केले की तूट 1,48,980. ती अशी भरली गेली: सीएसआर प्रकल्पाच्या निधीतून 70,000, किराणा दुकानदाराची उधारी 55,480, आणि जानेवारीच्या मानधनातले 23,500 थकवून. थकबाकी स्वयंपाकी बाईंची ठेवायची नाही असे संस्थेने ठरवले, म्हणून ती पूर्ण अभ्यास-कार्यकर्त्यांवर पडली.

दुसरा मार्ग नव्हता का, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत विचारला गेला. एखाद्या हितचिंतकाकडून हातउसने घ्यायचे होते, असे एकाचे म्हणणे. 1950 च्या अधिनियमातील कलम 36अ प्रमाणे विश्वस्ताला न्यासासाठी बँकेबाहेरचे कर्ज घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. खासगी व्यक्तीकडून दीड महिन्यासाठी दीड लाख घ्यायला ती परवानगी मागायची, तर ती हाती येईपर्यंत हंगाम संपतो. बँकेला तारण हवे, ते नाही. स्वतःची गंगाजळी म्हणावी तर सगळे अनुदानदार प्रशासकीय खर्च कापतात, मग शिल्लक पडते कुठून? कायदेशीर वाट एकच उरत होती: चुली बंद करून मुलांना घरी पाठवणे. संस्थेने ती घेतली नाही, आणि 70,000 ची नोंद लपवलीही नाही. रोजकीर्दीत ती ‘तात्पुरती उचल’ म्हणून तारखेसह होती. ऑडिटरला ती सापडली ती उघडपणे लिहिली होती म्हणूनच.

तरीही ती उचल चुकीची होती हे स्पष्ट म्हणायला हवे. विशिष्ट कामासाठी बांधून दिलेला निधी दुसऱ्या कामाला, एका दिवसापुरताही, वापरायचा नसतो. सीएसआर देणाऱ्या कंपनीलाही आपल्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तिच्याकडे गेलेल्या जानेवारीअखेरच्या अहवालात बँक शिल्लक आणि वही शिल्लक जुळली नाही, आणि तिने विचारणा केली ती योग्यच होती.

फाउंडेशनच्या खात्यात काय चालले होते

प्रकरणाचा हा भाग संस्थेच्या भागाइतकाच बोलका आहे. संस्थेवर किराणा दुकानाची उधारी चढत होती त्या आठवड्यांत फाउंडेशनच्या खात्यात पैसा पडून होता, आणि वर्षअखेरीला तो खर्ची पडला नाही म्हणून फाउंडेशनच अडचणीत आले.

12एबी नोंदणी असलेल्या न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्देशांसाठी वापरायची असते. 30 लाखांचे 85 टक्के म्हणजे 25,50,000. विश्वस्तांचा हिशेब साधा होता: स्वतःचा खर्च 4,00,000 आणि अनुदाने 21,50,000, बेरीज बरोबर 25,50,000. पण कर निर्धारण वर्ष 2024-25 पासून एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या रकमेच्या फक्त 85 टक्केच ‘वापर’ म्हणून धरले जातात. म्हणजे 21,50,000 दिले तर मोजले जातात 18,27,500. त्यात 4,00,000 मिळवले की 22,27,500. तूट 3,22,500.

एवढ्यावर भागले नाही. वापर धरला जातो तो रक्कम प्रत्यक्ष दिल्यावर, मंजुरीवर नाही. सातही अनुदानांचे शेवटचे 10 टक्के ऑडिटनंतर, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात जाणार होते. आदल्या वर्षीचे असे हप्ते बाजूला ठेवले तर 31 मार्चपर्यंत प्रत्यक्ष गेले 19,35,000, त्याचे 85 टक्के 16,44,750, आणि एकूण वापर 20,44,750. तूट 5,05,250 वर गेली. फॉर्म 9ए भरून ही रक्कम पुढच्या वर्षी वापरू असे कळवता येते, आणि तसे केले गेले. फॉर्म 10 भरून पाच वर्षांपर्यंत साठवण्याचा पर्यायही असतो. पण कलम 11(2) खाली साठवलेली रक्कम नंतर दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला देणगी म्हणून दिली तर ती वापर धरली जात नाही. अनुदान देणे हेच ज्याचे मुख्य काम, त्या फाउंडेशनला तो पर्याय जवळजवळ निरुपयोगी.

मग किती द्यायला हवे होते? उत्पन्नाच्या 85 टक्क्यांतून स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला 0.85 ने भागायचे. 21,50,000 भागिले 0.85 म्हणजे 25,29,412. हा आकडा एप्रिलमध्येच काढून ठेवला पाहिजे. फाउंडेशनला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सीएने सांगितला. तेव्हा एका विश्वस्ताने सुचवले की उरलेले पैसे सातही संस्थांना 28 मार्चला वाटून टाकू. सुदैवाने सीएने थांबवले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळालेले अनुदान छोटी संस्था त्याच वर्षाच्या उत्पन्नात दाखवते आणि तीन दिवसांत खर्च करू शकत नाही. मग 9ए भरण्याची पाळी तिच्यावर येते, आणि तिच्याकडे तो भरणारा माणूस नसतो. मोठ्याची अडचण लहानावर ढकलण्याचा हा प्रकार दर मार्चला अनेक ठिकाणी होतो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला.

85 टक्क्यांच्या नियमामुळे आणखी एक मोह होतो. फाउंडेशनने स्वतःच्या नावाने बिल घेऊन थेट खर्च केला तर तो पूर्ण धरला जातो. त्यामुळे ‘अनुदान नको, आम्ही तुम्हाला वस्तूच घेऊन देतो’ असे म्हणण्याकडे कल वाढतो. भांडी किंवा शेगड्या अशा देता येतात. स्वयंपाकीचे मानधन आणि आठवडी बाजारातली मेथी देता येत नाही, आणि या कामाचा जवळपास सगळा खर्च तोच आहे. कराच्या सोयीने कामाचे रूप ठरू लागले की संस्थांकडे पाण्याचे फिल्टर आणि संगणक साठतात आणि माणसे निघून जातात.

तपास आणि त्यात सापडलेले

अपात्र ठरवण्याचा ठराव झाल्यावर दोन विश्वस्तांनी आक्षेप घेतला आणि कागद पुन्हा पाहायला सांगितले. एक बाहेरचा लेखापाल घेतला, आणि दोघे विश्वस्त त्याच्यासोबत तिन्ही गावांत गेले.

स्वयंपाकघराची खरी परीक्षा बिलांत नसते, साठ्याच्या वहीत असते. एका मुलामागे दिवसाला 200 ग्रॅम पीठ धरले तर 60 मुलांना 12 किलो, 30 दिवसांना 360 किलो. खरेदी, गिरणीच्या दळणाच्या चिठ्ठ्या आणि रोजचा वापर हे तीन आकडे जवळपास जुळले पाहिजेत. तंतोतंत जुळले तर मात्र संशय घ्यावा, कारण हजेरी रोज 60 नसतेच. बाजाराच्या दिवशी, गावच्या जत्रेला, कुणी आजारी पडले की ती खाली येते. महिनाभर रोज 60 मुले आणि 12 किलो असे लिहिलेली वही महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेली असते. इथल्या दोन गावांच्या वह्यांत हजेरी रोज हलत होती, शाई बदलत होती, एका पानावर हळदीचा डाग होता. तिसऱ्या गावची जानेवारीची वही मात्र सरसकट 20 हजेरीची निघाली. विचारल्यावर कळले की त्या महिन्यात मानधन थकलेला कार्यकर्ता आठवड्यातून तीन दिवस मजुरीला जात होता आणि वही नंतर भरत होता. उशिरा आलेल्या हप्त्याचा हा थेट परिणाम, आणि तो कुठल्याही प्रमाणपत्रात उमटलेला नव्हता.

हिशेबात दोन खऱ्या चुका सापडल्या. किराणा उधारीपैकी 18,000 रुपये एकाच दिवशी रोखीने दिले होते. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिले तर तो खर्च आयकरात वापर म्हणून धरला जात नाही, आणि हा नियम धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. दुसरी चूक लहान: रोखीने दिलेल्या 7,000 आणि 8,500 च्या मानधनाच्या पावत्यांवर एक रुपयाचे महसूल तिकीट नव्हते, 5,000 वरच्या पावतीला ते लागते. यापुढे मानधन थेट बँक खात्यात जाईल असे ठरले, त्यामुळे हा दुसरा प्रश्न मिटतो.

एका गोष्टीवर फाउंडेशनला स्वतःची फाइल दुरुस्त करावी लागली. मंजुरीवेळी संस्थेकडून अनुसूची एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, अद्ययावत उतारा मागितला होता. त्यावर दोन दिवंगत विश्वस्तांची नावे अजून होती, आणि त्यावरून कार्यालयाने करारच तीन आठवडे अडवला होता. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. संस्थेने तो वेळेत केला होता, निकाल यायचा होता. असे अर्ज बराच काळ प्रलंबित राहू शकतात. अशा वेळी दाखल केल्याची पोच, निवडीच्या सभेचे इतिवृत्त आणि बँकेत सह्या बदलल्याचा कागद एवढे पुरेसे धरावे.

बदललेल्या अटी

60,000 रुपये संस्थेला दिले गेले. फाउंडेशनने त्या कंपनीला पत्र लिहून हप्ता आपल्याकडून 24 फेब्रुवारीपर्यंत गेला नाही हे तारखांसह कळवले. हे पत्र सगळ्यात महत्त्वाचे ठरले; संस्थेची पत तिच्या स्वतःच्या खुलाशाने सावरली नसती. संस्थेने आपल्या बाजूने ठराव केला की बांधलेल्या निधीतून तात्पुरतीही उचल होणार नाही, गरज पडली तर फक्त सर्वसाधारण निधीतून, तीही अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सहीने.

फाउंडेशनने बैठकीत सुचलेला पूल-कर्जाचा, म्हणजे हप्ता येईपर्यंत संस्थेला उसने देण्याचा, मार्ग सोडून दिला. 1950 च्या अधिनियमातील कलम 35 प्रमाणे न्यासाची लगेच न लागणारी रक्कम बँक ठेवींत किंवा मान्य रोख्यांत ठेवायची असते. दुसऱ्या संस्थेला उसने देणे त्या चौकटीत बसवणे कठीण. त्यापेक्षा हप्ताच वेळेवर द्यावा.

अर्ज आता एप्रिलमध्ये मागवले जातात, निर्णय जुलैत होतो आणि हंगामी कामांचा पहिला हप्ता 10 ऑक्टोबरच्या आत जातो, टोळ्या निघण्यापूर्वी. हप्ते दोनच: 60 आणि 40. शेवटचे 10 टक्के अडकवून ठेवणे बंद केले, कारण संपलेल्या कामाचे पैसे अडवल्याने काम सुधारत नाही, आणि ती रक्कम फाउंडेशनच्या वापरातही पुढच्या वर्षी जाते. दुसरा हप्ता मागायची वेळ पहिल्यातले 70 टक्के खर्च झाल्यावर. त्यासाठी सीएचे प्रमाणपत्र नको. अध्यक्ष-खजिनदारांच्या सहीचे दोन पानी खर्चपत्रक, पासबुकची प्रत आणि महिनावार हजेरी पुरे. सीएचे ऑडिट वर्षातून एकदा होतेच, 30 सप्टेंबरपूर्वी, आणि त्यात हे अनुदान वेगळ्या शीर्षाने दिसले म्हणजे झाले. स्वतंत्र बँक खात्याची अटही काढली. खातेवहीत स्वतंत्र पान असेल तर स्वतंत्र खाते हा दोन सह्याकर्त्यांना तालुक्याला हेलपाटे मारायला लावणारा खर्च आहे.

पूर्ण 7,45,000 मंजूर झाले असते आणि 60 टक्के, म्हणजे 4,47,000 आधी मिळाले असते, तर 70 टक्क्यांची रेषा 3,12,900 वर येते. समन्वयक आणि कार्यालयीन खर्चासह संस्था ती डिसेंबरच्या अखेरीस ओलांडते आणि हातात सव्वा लाखाच्या आसपास उरतात. जानेवारीचा बहुतेक खर्च त्यात निघतो. फाउंडेशनला पैसे सोडायला सुमारे चार आठवडे मिळतात.

तेवढे पुरण्यासाठी सगळ्यात आवश्यक होता तो एका ओळीचा ठराव: मंजूर अनुदानाचा दुसरा हप्ता सोडण्याचा अधिकार सचिव आणि कोषाध्यक्ष यांना, बैठकीची वाट न पाहता, कागद मिळाल्यापासून दहा दिवसांत. पुढच्या बैठकीत फक्त माहिती ठेवायची. इतर सगळ्या सुधारणा करून हा ठराव राहिला असता, तर हप्ता पुन्हा 20 तारखेच्या बैठकीतच अडकला असता.

शीर्षांमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फेरफार संस्थेने कळवून करावा, त्यावरचा ईमेलने विचारून; सात दिवसांत उत्तर आले नाही तर होकार समजावा. समन्वय आणि कार्यालयीन खर्च जसा आहे तसा अर्जात दाखवायचा आणि त्यावर बोलायचे. या संस्थेत कार्यालयीन 68,500 हे बाकीच्या 6,76,500 च्या सुमारे 10 टक्के होतात. समन्वयक हा प्रशासन नव्हे, कामाचाच भाग आहे, असे नव्या मार्गदर्शिकेत नोंदवले. गोल आकडा करायचा असेल तर वरच्या बाजूने करायचा, किंवा कोणते शीर्ष आणि किती मुले कमी करायची ते लिहून द्यायचे.

याची किंमत

खरा खर्च भरायचा तर सात संस्था परवडत नाहीत. आधीच्या 21,50,000 मधून या संस्थेचे 6,00,000 वजा केले की बाकी सहांना 15,50,000 जात होते. त्यांच्याही अर्जांत कापलेला खर्च सरासरी वीस टक्के निघाला, म्हणजे त्यांना 18,60,000 लागतात. या संस्थेला रविवारच्या जेवणासह 7,70,000. एकूण 26,30,000, आणि 30 लाखांतून स्वतःचा खर्च जाऊन फाउंडेशनकडे उरतात 26 लाख. म्हणून एक संस्था थांबवावी लागली. निवड झाली ती शहरात दरवर्षी नेत्रतपासणी शिबिरे भरवणाऱ्या गटाची, कारण त्यांच्यामागे आणखी दोन देणगीदार होते आणि त्यांच्या कामात रोजचा पगारी माणूस नव्हता. त्यांना वर्षभर आधी लेखी कळवले आणि शेवटचे निम्मे अनुदान, सुमारे 1,30,000, दिले. बाकी सहा संस्थांचे 23,20,000 आणि हंगामाच्या मध्यात अडलेल्या कामासाठी राखलेले 80,000 धरून वाटप 25,30,000 वर येते, म्हणजे 0.85 ने भागून काढलेल्या आकड्याच्या किंचित वर. ते 80,000 जानेवारीपर्यंत न लागल्यास कुठल्या संस्थेला द्यायचे हे डिसेंबरच्या बैठकीतच ठरते, जेणेकरून ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणाच्या खात्यात पडणार नाहीत.